सहावी-सातवीच्या मुलांना पॉलिमर म्हणजे काय, हे रोजच्या उदाहरणांतून कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं ‘पॉलिमर म्हणजे प्लास्टिक’ एवढं पाठ करतात आणि गाडी तिथंच अडते. मी कोल्हापूर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझं मत असं, की प्लास्टिक अगदी शेवटी आणावं. आमच्याकडं मी सुरुवात उसापासून करतो, कारण इथल्या प्रत्येक पोरानं ऊस दातानं सोलून खाल्लेला असतो.

वर्गात प्रश्न टाका: ऊस चघळल्यावर रस गिळतो आणि चोथा थुंकतो, असं का? रसातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोनच लहान रेणूंची जोडी. चोथ्यात मुख्यतः असतं सेल्युलोज, आणि तेही ग्लुकोजचंच बनलेलं. फक्त तिथं हजारो ग्लुकोज एकामागोमाग एक जोडलेले असतात. जोडी पाण्यात विरघळते, जिभेला गोड लागते. हजारोंची साखळी विरघळत नाही आणि तिला चवही नाही. लहान रेणू जोडत जाऊन तयार झालेला असा लांबलचक रेणू म्हणजे पॉलिमर. व्याख्या इथं सांगावी, आधी नाही.

गुऱ्हाळ जवळ असेल तर मुलांना जरूर न्या. वाळलेलं चिपाड चुलवाणात जळत असतं, ते पॉलिमर. काहिलीत उकळणारा रस, त्यातली साखर पॉलिमर नाही. आणि रस स्वच्छ करायला भेंडीची झाडं ठेचून जो बुळबुळीत चिकट रस घालतात, तो पुन्हा पॉलिमर! त्याच्या लांब साखळ्यांत बारीक कचरा अडकतो आणि मळी होऊन वर येतो. एकाच ठिकाणी तिन्ही गोष्टी दिसतात. ‘सर, मग गूळ पॉलिमर न्हवं?’ असं एखाद्यानं विचारलं, की धडा पोचला असं मी धरतो.

पुढचा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. भातही ग्लुकोजचाच, मग तो पचतो आणि चिपाड का पचत नाही? हे सांगायला मी मुलांना रांगेत उभं करतो. सगळ्यांनी फळ्याकडं तोंड करून एकमेकांचे हात धरायचे, हा झाला भातातला स्टार्च. आता एक आड एक मुलानं पाठ फिरवून हात धरायचे, हे झालं सेल्युलोज. मुलं तीच, संख्या तीच, जोडणी वेगळी. आपल्या लाळेतलं आणि पोटातलं विकर (एन्झाइम, म्हणजे अन्नाचे रेणू तोडणारं प्रथिन) पहिली जोडणी तोडू शकतं, दुसरी नाही. म्हशीलाही स्वतःला ती तोडता येत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. पडताळा घरच्या घरी येतो. चपातीचा घास न गिळता मिनिटभर चावत राहिलं की गोडसर लागू लागतो, कारण लाळ चपातीतल्या स्टार्चची साखळी तोडायला लागलेली असते.

लांबीनं काय फरक पडतो, याला मेणबत्ती आणि दुधाची पिशवी पुरे. पॅराफिन मेण आणि पॉलिथिन, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. मेणात साधारण वीस ते चाळीस कार्बनची साखळी असते, म्हणून ते नखानं ओरखडतं. पॉलिथिनमध्ये ती हजारो कार्बनची होते, साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि पिशवी ताणली तरी चटकन तुटत नाही. याच टप्प्यावर हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. एवढे लांब रेणू असतात, असं त्यानं 1920 साली मांडलं तेव्हा भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. नोबेल मिळालं 1953 साली. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि शंका घेणाऱ्या मुलाला तर आवर्जून सांगावी.

कपड्यांवर एक पूर्ण तास द्या. इचलकरंजी शेजारीच, त्यामुळं बऱ्याच मुलांच्या घरी माग माहीत असतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे सुती सदरा आणि उसाचं चिपाड नात्यातले. पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि पाण्याची बाटली, दोन्ही बहुधा एकाच पॉलिमरची, पीईटीची. जुलैत आमच्याकडं चार-चार दिवस ऊन नसतं, तेव्हा खेळाचा टी-शर्ट वाळतो आणि जाड सुती पँट ओलीच राहते. सेल्युलोजच्या साखळीवर पाणी धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर असतात, पॉलिएस्टरवर फार कमी. मुलांना दोन सारखे तुकडे भिजवून, पिळून दोरीवर टाकायला लावा आणि दर अर्ध्या तासानं हात लावून बघू द्या.

कोल्हापुरी चपलेचं कातडं हेही पॉलिमर, कोलॅजन नावाचं प्रथिन. बाभळीची साल आणि हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्याच्या साखळ्यांना आडवं बांधतं, म्हणून कमावलेलं कातडं कुजत नाही.

प्रयोगांत माझा सर्वांत लाडका बाळाच्या डायपरचा. आतली पांढरी पावडर काढा (तीही पॉलिमरच), त्यात पाणी घाला. ती स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहून जास्त पाणी पिऊन जेली होते. मग वर मीठ टाका. जेली पाणी सोडून बसते. पावडर डोळ्यात, नाकात जाऊ देऊ नका. दुसरा रबर बँडचा: झटकन ताणून वरच्या ओठाला लावा, गरम लागतो, ताण सोडून लावा, गार. गुंडाळलेल्या साखळ्या सरळ होताना उष्णता बाहेर पडते, हे ओठालाच कळतं.

आता प्लास्टिक. पॉलिथिन तापवलं की वितळतं, कुकरचं काळं हँडल वितळत नाही, कारण बेकेलाइटमध्ये साखळ्या एकमेकींना आडव्या पक्क्या जोडलेल्या असतात. लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञानं ते 1907 मध्ये तयार केलं. हे फक्त सांगा. वर्गात प्लास्टिक जाळून दाखवू नका, पीव्हीसीच्या (पाण्याच्या पाइपांच्या प्लास्टिकच्या) धुरात हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू असतो. ‘पिशवी कुजत का नाही?’ याचं उत्तर मुलं तोवर स्वतः देतात, कारण विकरांचा भाग त्यांनी रांगेत उभं राहून पाहिलेला असतो: पॉलिथिनची साखळी भराभर तोडू शकणारं विकर मातीत सापडणं फार अवघड. घरी जाताना प्लास्टिकच्या वस्तूंवर छापलेले त्रिकोणातले आकडे शोधायला सांगा. 1 म्हणजे पीईटी, 2 आणि 4 पॉलिथिनचे दोन प्रकार, 3 पीव्हीसी, 5 पॉलिप्रोपिलीन, 6 पॉलिस्टायरीन आणि 7 म्हणजे बाकी सगळं. डब्यांच्या आणि बाटल्यांच्या तळाशी हे आकडे बहुतेक सापडतात.