तान्ह्याचा दुसरा जागर
वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. बाळ रात्री चांगलं झोपायला लागलं होतं, आता पुन्हा उठायला लागलं. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत, चारही बडोद्याची.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यात रात्री दहाला झोपली की चारपर्यंत हूं की चूं नसायचं. गेले दोन आठवडे दर तासा-सव्वा तासाने उठते. घोडियुंत (कापडी झोळीच्या पाळण्यात) घालून दोरी ओढली की झोपते. सासूबाई म्हणतात, अंगावरचं दूध पुरत नाही, नाचणीचं सत्त्व सुरू कर. काय करू?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : दुधाची शंका आधी मिटवू. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर पडायला फारसं कारण लागत नाही, आणि ते एकदा मनात बसलं की पुढचं काही सुचत नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला होत असेल आणि ममता कार्डावरची (लसी आणि वजनाची नोंद ठेवायच्या सरकारी कार्डावरची) वजनाची रेघ चढती असेल, तर दूध पुरतंय. या वयात महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाढतं. नाचणीचं सत्त्व १८० दिवस पूर्ण झाल्यावरच. आधी दिलं तर पोट भरल्यामुळे बाळ अंगावर कमी पितं आणि मग दूध खरोखरच आटायला लागतं.

एक मात्र तपासा. चार महिन्यांचं मूल पिता पिता दाराची कडी वाजली तरी मान वळवतं. दिवसभर असं अर्धवट पिऊन ते रात्री भरपाई करतं. दिवसातलं दोन-तीन वेळचं पाजणं पडदे ओढलेल्या खोलीत करा, मोबाइल बाहेर ठेवून.

आता झोपेकडे येऊ. नवजात बाळाची झोप दोनच तऱ्हेची असते, चुळबुळीची आणि गाढ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मेंदू पक्व होत जातो तशी तिला मोठ्यांसारखे टप्पे पडतात. एक फेरी पाऊण ते एक तासाची, आणि फेरी संपताना बाळ क्षणभर वर येतं. आपणही येतो. उशी जागेवर आहे, पंखा फिरतोय, एवढं अर्धवट कळतं आणि कूस बदलून पुन्हा झोपतो, सकाळी आठवतही नाही. तुमच्या मुलीला डोळा लागताना अंगाखाली खोयुं, म्हणजे घोडियुंची झोळी, हलत होतं, दोरी करकरत होती. सव्वा तासाने ती वर येते तेव्हा खोयुं गप्प. ज्या थाटात झोप लागली तो थाट मोडलेला दिसतो, म्हणून ती हाक मारते. रात्री दोनला दोरी ओढलीत की तो थाट पुन्हा उभा राहतो, पुढच्या सव्वा तासापुरता. मोटरवर हलणारी घोडियुंही मिळतात. त्यांनी हाताची दमणूक वाचते, सवय मात्र आणखी घट्ट होते.

म्हणून बदल मध्यरात्री करू नका. संध्याकाळी करा, दोघींच्याही अंगात त्राण असतं तेव्हा.

घोडियुं सोडायला आणखी एक कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. या वयात बाळ कुशीवर वळू लागतं. कापडाच्या झोळीत वळलं की नाकातोंडावर कापड येतं किंवा हनुवटी छातीत रुतते, आणि तिथून सुटायचं बळ त्याच्यात नसतं. दुपारी कुणी समोर बसलेलं असताना झोका द्यायला हरकत नाही. रात्रभर नको.

सकाळी रोज एकाच वेळी उठवून दहा मिनिटं गॅलरीच्या उजेडात न्या. दिवसा एका वेळी दीड ते दोन तासांहून जास्त जागं ठेवू नका. ‘दमव, म्हणजे रात्री झोपेल’ हा सल्ला उलटतो, कारण अति दमलेलं मूल कसंबसं झोपतं आणि वारंवार दचकून उठतं. संध्याकाळची शेवटची डुलकी सहापर्यंत संपवा. साडेसातला ओल्या पंचाने अंग पुसून सुती झबलं घाला, दिवा मंद करा, पाजा, ढेकर काढा, आणि मग अंगाई म्हणा, रोज तीच. पाजणं आणि डोळे मिटणं यांत पंधरा मिनिटांचं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर दोरीची जागा स्तन घेतो.

पहिल्या तीन रात्री घोडियुंत झोका द्या, पण पापण्या जड झाल्या की डोळे मिटायच्या आत उचलून गादीवर ठेवा. छातीवर हात ठेवून गुणगुणा. चौथ्या ते सहाव्या रात्री झोका पाचच मिनिटं. सातव्या रात्रीपासून थेट गादी आणि थोपटणं, तेही हळूहळू मंद करत न्या. रात्री चाहूल लागली की झडप घालून उचलू नका, दीड-दोन मिनिटं थांबा. कुंथणं, हुंकार, पाय आपटणं हे बरंचसं झोपेतलंच असतं, आणि उचलल्याने बाळ खरंच जागं होतं. मागचं पाजणं होऊन अडीच-तीन तास झाले असतील तर मुकाट्याने पाजा, नसतील तर थोपटा. या वयात रात्री दोन-तीनदा पिणं अगदी स्वाभाविक आहे, ते बंद करायचं नाही. शी केली नसेल तर लंगोट बदलायला दिवा लावू नका.

बिघडतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. रडणं वाढतं, कुणीतरी कळवळून पाऊण तासाने दोरी ओढतं, आणि बाळाला कळतं की पाऊण तास रडलं की दोरी मिळते. तेव्हा त्या आठवड्यात पाहुणे, प्रवास, लसीचा दिवस येणार नाही हे पाहून सुरुवात करा आणि घरात सगळ्यांशी आधी बोलून घ्या. बाळाला एकटं रडत सोडून खोलीबाहेर जाण्याचा सल्ला आम्ही या वयात देत नाही. ते गादीवर रडेल, पण तुमचा हात त्याच्या अंगावर असेल.

गादी घट्ट, बाळ उताणं. मोहरीची उशी, लोड, गोधडी काहीही जवळ नको. दुपट्यात हात बांधून गुंडाळणं वळायला लागल्यावर बंद. डासांसाठी मच्छरदाणी लावा, कॉइल किंवा धुरी नको.

प्रश्न : नातू नऊ महिन्यांचा आहे. महिनाभर छान झोपत होता. आता रात्री दोनदा-तीनदा उठून कॉटचा कठडा धरून उभा राहतो आणि ओरडतो. आई दिसली नाही की आकांत. आमच्या वेळी जायफळ उगाळून चाटवायचो. सून नको म्हणते. शेजारणीने बाळागोळी सुचवली आहे.
— एक आजी, मकरपुरा

उत्तर : आजी, या बाबतीत सुनेचं ऐका. जायफळाने येते ती गुंगी, आणि सहाणेवर किती वळसे उतरले याचं माप कुणाकडेच नसतं. मोठ्या माणसालाही जास्त जायफळ बाधतं, इथे तर आठ-नऊ किलोचं शरीर आहे. मधात चाटण देत असाल तर तेही एक वर्षापर्यंत बंद. मधातल्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. बाळागोळी घरातसुद्धा ठेवू नका. तिच्यात अफू असू शकते आणि अफू श्वास मंदावते. कुणी चुकून दिली आणि बाळ उठवलं तरी उठेना, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, श्वास संथ वाटला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.

नातवाचं काय होतंय ते सोपं आहे. त्याला उभं राहता येतं, बसता येत नाही! झोपेच्या दोन फेऱ्यांच्या मधे तो वर येतो, दिवसा शिकलेली विद्या हातापायांत जागी असते, कठडा धरून उभा राहतो आणि तिथेच अडकतो. तुम्ही त्याला आडवं करता, तो पुन्हा उठतो, आणि थोड्या वेळाने त्याचा खेळच होतो. याचा इलाज दिवसाउजेडी करायचा. दिवाणाला धरून उभा असताना आवडती वाटी किंवा चमचा जमिनीवर ठेवा. तो वाकला की एका हाताने कंबर धरून दुसऱ्याने गुडघा हलकेच दुमडा. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. बहुतेक मुलं आठवड्या-दोन आठवड्यांत बसायला शिकतात. रात्री एकदाच आडवं करा. पुढच्या वेळी गादीवर थाप मारून ‘झोप’ म्हणा आणि त्याला स्वतः खाली यायला वेळ द्या. कॉटची गादी मात्र सर्वांत खालच्या खणावर आणा. उभ्या मुलाचा तोल कठड्यावरून जातो.

आईसाठीचा आकांत हाही वयाचाच भाग आहे. दिसेनाशी झालेली आई कुठेतरी असते एवढं त्याला आता कळतं, ती परत कधी येईल ते कळत नाही. बुवा-कुक भरपूर खेळा. पदराआड लपायचं आणि लगेच यायचं, मग दाराआड, मग जरा उशिराने. सुनेने बाहेर जाताना नजर चुकवून जाऊ नये, टाटा करून जावं, तो रडला तरी. चोरून गेलेल्या आईला मूल रात्रभर शोधतं.

नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस नुकतीच झाली असेल तर ध्यानात ठेवा, तिचा ताप त्याच रात्री न येता आठवड्या-दीड आठवड्याने येऊ शकतो. दात येतानाही चिडचिड होते, पण चांगला ताप दातांनी येत नाही. ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. हिरड्या बधिर करणारं मलम लावू नका. फ्रिजमध्ये गार केलेला ओला रुमाल चावायला पुरतो.

या वयात एक रडणं मात्र वेगळं ओळखा. मूल पाय पोटाशी घेऊन कळवळतं, मग काही मिनिटं मलूल पडतं, पुन्हा कळवळतं, उलट्या होतात, शीमध्ये लालसर जेलीसारखं पडतं. हे आतड्यात आतडं सरकल्याचं लक्षण असू शकतं. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी सयाजी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : नवरात्रात आमच्या सोसायटीत मध्यरात्रीपर्यंत गरबा असतो. सात महिन्यांच्या मुलाची घडी नऊ रात्रींत पार विस्कटते. कानात कापूस घालावा का?
— वाघोडिया रोड

उत्तर : कापूस नको. त्याने ढोलाचा ठेका अडत नाही आणि बोळा आत सरकतो. गरब्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत झोपवा, दार-खिडकीच्या फटीत चादर दाबा आणि पंखा किंवा कूलर चालू ठेवा. एकसुरी आवाजात अचानक येणारी टाळी किंवा माइकची शीळ बुडून जाते. मोबाइलवर पावसाचा आवाज लावणार असाल तर फोन बाळापासून दोन मीटर लांब आणि आवाज हळू. आरतीला न्यायला हरकत नाही, पण स्पीकरपासून दूर उभे राहा आणि साडेआठला परत या. उशिरा झोपलं तरी सकाळी नेहमीच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त झोपू देऊ नका, कमी पडलेली झोप दुपारी भरून काढा. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांत घडी बसते, दिवाळीत पुन्हा मोडते.

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा. सर्दी-तापानंतर रात्री उठायची सवय लागली ती गेलीच नाही. रात्रीतून गाईच्या दुधाच्या तीन बाटल्या, प्रत्येकी जवळपास २०० मिली. दिवसा जेवत नाही. बायको नोकरी करते, रात्री तीच उठते, हल्ली सारखी रडते.
— एक वडील, मांजलपूर

उत्तर : आजारात उचलणं, पाजणं योग्यच होतं. ताप गेला, व्यवस्था तशीच राहिली. रात्रीचं ६०० मिली दूध म्हणजे दिवसाची भूक रात्रीच भागते. इतक्या दुधाने लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलेल्या मुलाची झोप अस्वस्थ असते, पाय सारखे हलतात. शिवाय बाटली तोंडात ठेवून झोपल्याने पुढचे वरचे दात किडतात. एका वर्षानंतर निरोगी मुलाला रात्री दुधाची गरज नसते.

एका वेळी एकच बाटली घ्या, आधी पहाटेची सोडून मधली. दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करा. ६० मिलीवर आलात की ती बंद, त्या वेळी कपातून दोन घोट पाणी आणि थोपटणं. मग पुढची बाटली. सगळं मिळून चार ते पाच आठवडे लागतील. दूध पातळ करत नेण्याचा मार्गही सांगितला जातो, पण त्यात बाटलीची सवय तशीच राहते. दिवसरात्र मिळून दूध ५०० मिलीच्या आत आणा. झोपण्याआधी तासभर मऊ वरणभात-तूप किंवा खिचडी द्या, दूध नंतर कपातून, मग दात पुसा. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून लोहाचं सरबत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते दुधासोबत देऊ नका. शी काळी होते, घाबरू नका. मूल निस्तेज दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. झोपेत घोरणं आणि मधेच श्वास अडकल्यासारखं होणं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

बाटल्या तोडायच्या काळात रात्री तुम्ही उठा. आईच्या कुशीत त्याला दुधाची आठवण येते, तुमच्याकडे ती अपेक्षा नसते, म्हणून बाबांकडे रडणं लवकर आटोपतं. रात्र वाटून घ्या. नऊ ते दोन तुम्ही, दोन ते सहा त्या, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपावं. पाच तास सलग झोप मिळूनही त्यांचं रडणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही, कशातच मन लागेनासं झालं, तर तो थकवा नव्हे. डॉक्टरांकडे सोबत जा. तोवर बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा, क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे. बाळाचं किंवा स्वतःचं काही बरंवाईट करण्याचा विचार त्या बोलून दाखवत असतील, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.