वाचक विचारतात : प्रेअरीवर झाडे का तोडतात?

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलीच्या शाळेने सांगितलेल्या समाजसेवेच्या तासांसाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मूळ प्रेअरीच्या, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळरानाच्या, एका जुन्या तुकड्यावर स्वयंसेवक म्हणून गेलो. तिथे सकाळभर झुडपे तोडून जाळण्याचेच काम चालले होते, एकही रोप लावले गेले नाही. वृक्षारोपणाच्या संस्कारात वाढलेल्या मला हे पटले नाही. याला संवर्धन कसे म्हणायचे? आणि तिथले बी आणून परसात पेरले तर चालेल का?

उत्तर : आपली शंका एकट्या आपली नाही. झाडे तोडण्यावरून शिकागो परिसरात मोठा वाद पेटला होता आणि १९९६मध्ये कुक काउंटीच्या राखीव वनांतले हे काम काही काळ थांबवावेही लागले होते.

इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७मध्ये जॉन डिअर यांनी याच राज्यात पोलादी नांगर घडवला आणि पुढे दोन पिढ्यांत बहुतेक जमीन मका-गव्हाखाली गेली. १९७८मध्ये पुऱ्या झालेल्या राज्यव्यापी पाहणीत उत्तम स्थितीतली प्रेअरी जेमतेम २,३०० एकर सापडली, तीही जिथे नांगर पोचला नाही अशा ठिकाणी, म्हणजे जुन्या दफनभूमीत, रेल्वेरुळांच्या कडेला किंवा खडकाळ उतारांवर.

हे तुकडे आगीवर जगत आले आहेत. इथल्या गवतांचे आणि फुलझाडांचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात, कंपास प्लँट या फुलझाडाचे सोटमूळ तर पंधरा फुटांपर्यंत खोल जाते. त्यामुळे वणव्यात वरचा पाला जळतो, झाडोऱ्याची रोपे मरतात आणि वसंतात गवत पुन्हा वर येते. मूळ रहिवासी ही आग मुद्दाम लावत असत. ती थांबल्यावर झुडपांचे फावले. आपण तोडलेले झुडूप बहुधा बकथॉर्न असावे. कुंपणासाठी युरोपातून आणलेल्या या झुडपाला इतरांच्या आधी पाने फुटतात आणि ती सर्वांत शेवटी गळतात, म्हणून त्याच्या सावलीत खाली काही तगत नाही. नुसते तोडले तर ते दुप्पट फुटते. त्यासाठी बुंध्यावर तणनाशक लावतात, मात्र ते काम परवानाधारकांवरच सोडावे. (माळराने पडीक समजून तिथे गिरिपुष्प लावण्याचा प्रकार सोलापूरकडेही झालेला आहे, तेव्हा झाड लावले की पुण्य हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही.)

रोपे न लावण्याचे कारणही यातच आहे. मूळ तुकड्यात बाहेरचे बी मिसळू नये, असा दंडक आहे. नांगरलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी. आपल्याजवळच बटाव्हियाला, फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कणत्वरकाच्या वर्तुळात, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट बेट्झ यांनी १९७५पासून अशाच तुकड्यांवरून गोळा केलेले बी पेरून प्रेअरी उभी केली. तरीही दशके उलटल्यावरसुद्धा नव्या प्रेअरीत मूळ तुकड्यातल्या साऱ्या वनस्पती आणि कीटक येत नाहीत.

परसासाठी तिथले बी मात्र आणू नये. परवानगीवाचून ते गुन्हा ठरू शकते. स्थानिक वाणांच्या रोपवाटिकेतून बी घ्यावे आणि थंडी लागल्याशिवाय बरेचसे रुजत नाही म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात पेरावे. पहिले वर्षभर ते तणासारखेच दिसेल, शेजारी विचारतील, तयारी ठेवावी.

मुलीला उन्हाळ्यात पुन्हा न्यावे, असे सुचवतो. पाऊस पडून गेल्यावर पांढरा स्वीट क्लोव्हर हा तणाचा प्रकार मुळासकट सहज उपटून येतो. बी धरण्याआधी तो काढणे हे जुलैचे मोठे काम असते. काही ठिकाणी अनुभवी स्वयंसेवक दुर्मीळ पांढऱ्या झालरीच्या ऑर्किडचे परागीभवन हाताने करतात : दात कोरायची काडी फुलात हलकेच घातली की परागाचा पिवळा गोळा तिच्या टोकाला चिकटतो आणि तो दुसऱ्या फुलाला लावतात. एरवी रात्री उडणाऱ्या पतंगांचे हे काम.

एवढे करूनही जमिनीला कायद्याचे कवच नसेल तर सारे वाया जाऊ शकते. रॉकफर्ड विमानतळालगतच्या बेल बोल प्रेअरीवर २०२१मध्ये संकटग्रस्त भुंगामाशी (बंबलबी) आढळली, लोकांनी जोरदार विरोध केला, तरी मार्च २०२३मध्ये मालवाहतुकीच्या विस्तारासाठी तिच्या मोठ्या भागावरून बुलडोझर फिरला. राज्यात १९६३पासून निसर्ग-राखीव आयोग आहे आणि त्याच्याकडे रीतसर नोंदवलेल्या जमिनीचा वापर सहजासहजी बदलता येत नाही. आपण काम केलेल्या तुकड्याला तो दर्जा आहे का, हे तिथल्या प्रमुख स्वयंसेवकाला विचारावे. नसल्यास काउंटीच्या मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ देतात, तिथे जाऊन मागणी करता येते.