वेल्डिंग शिकायचंय? आधी हेल्मेट, मग मशीन

पुण्याच्या बोहरी आळीत ऑटो-डार्क हेल्मेट (काच आपोआप काळी होणारं) बघा. शेड (काचेचा काळेपणा) ९ ते १३ बदलता येणारं घ्या. स्टिक (रॉडच्या) वेल्डिंगला १० किंवा ११ वर ठेवा. साधा काळा गॉगल अजिबात नको. आर्क (रॉड आणि लोखंडामधली प्रखर ठिणगी) डोळ्यांना लागला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं.

लगेच गेट-बिट करायला जाऊ नका. ३ मिमीच्या पट्टीवर ६०१३ प्रकारचा २.५ मिमी रॉड, ७०-८० अँपिअर, आणि नुसत्या रेघा ओढा.

- रॉड चिकटतोय? करंट थोडा वाढवा.
- भोक पडतंय? हात रेंगाळतोय किंवा करंट जास्त आहे.
- आर्कची लांबी रॉडच्या जाडीइतकीच ठेवा. नवखे हमखास लांब धरतात, मग शिंतोडेच शिंतोडे.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप सध्या नकोच, जस्ताचा धूर बाधतो. स्लॅग (जोडावर जमलेला कडक थर) ठोकतानाही चष्मा हवा (हे सगळे विसरतात). मिग-टिग या वेल्डिंगच्या दुसऱ्या प्रकारांचं नंतर बघू.