शाब्दिक उदाहरणात मूल अडतं ते न विचारलेल्या प्रश्नांवर

तुमची मुलगी पाचवीत आहे, पाढे पक्के आहेत; पण दोन-तीन पायऱ्यांचं शाब्दिक उदाहरण आलं की "आई, यात भागू की गुणू?" म्हणते. गुहागरला संध्याकाळी माझ्या पडवीत सात-आठ मुलं गणिताला बसतात, मी हे रोज ऐकते. कृपा करून त्याचं उत्तर देऊ नका. "भाग" म्हटलंत की तेवढं उदाहरण सुटतं आणि पुढच्यावर ती पुन्हा तिथंच थांबते.

मे महिन्यात मी एक घातलं होतं. बागेतून 600 आंबे उतरवले, 24 डागी निघाले, बाकीचे चार-चार डझनाच्या पेट्यांत भरले. पेटी 1800 रुपयांना गेली, पेटीमागे 150 रुपये गाडीभाडं. हाती किती आले? एकीने झटकन 600 ला 4 ने भागलं, 150 पेट्या! मी ओटीवरची पेटी तिच्यापुढे ओढली, "हिच्यात चारच आंबे मावतात गो?" तिने खोडलं, 48 लिहिलं, पेटीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि डागी आंबे आपणहून वजा केले.

उदाहरणात प्रश्न एकच असतो, पण मध्ये दडलेले असतात चार. चांगले आंबे किती, एका पेटीत किती, पेट्या किती, पेटीमागे सुटले किती. हे तिला स्वतःला विचारता यायला हवेत. म्हणून शेवटून सुरुवात करायला लावा: हाती आलेले पैसे काढायला काय कळायला हवं? पेट्या. त्या कशावरून कळतील? असं मागे मागे जायचं आणि मग सरळ सोडवत यायचं. प्रत्येक ओळीत आकड्याला नाव हवंच. 600 − 24 = 576 चांगले आंबे. 576 ÷ 48 = 12 पेट्या. 1800 − 150 = 1650 रुपये एका पेटीचे. 12 × 1650 = 19800 रुपये. नुसतं 576 लिहिलं की दोन ओळींनी ते आंबे होते की रुपये, हे मूल विसरतं. पडताळा वेगळ्या वाटेने घ्या: 12 पेट्यांचे 1800 प्रमाणे 21600 रुपये, त्यातून सगळं भाडं 1800 वजा केलं, तरी 19800 च.

आणखी एक सवय मला फार खुपते: "जास्त" दिसलं की बेरीज. 'दादाकडे 12 काजूबिया आहेत, त्या ताईपेक्षा 5 ने जास्त', तर ताईकडे 7. फ्रान्समध्ये ग्रनोबलला 1979 च्या सुमारास मुलांना विचारलं होतं, जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं! मुलं आकडे वाचतात, गोष्ट वाचत नाहीत. यावर माझा उपाय म्हणजे शेवटचा प्रश्न हाताने झाकायचा आणि विचारायचं, "एवढ्यावरून काय काय काढता येईल?" रोज एकच उदाहरण घ्या, पण असं.

बाकी उरते अशा भागाकारांकडेही लक्ष द्या. धोपाव्याच्या धक्क्यावर 50 गाड्या आहेत, फेरीबोटीत एका खेपेला 16 मावतात, तर खेपा किती? मुलं 3 लिहितात, बाकी 2. त्या 2 गाड्या पलीकडे दाभोळला कशा जाणार, एवढंच विचारा. ती 4 म्हणतील.