इंग्रजीतल्या 'अर्स्टवाइल' (erstwhile, म्हणजे पूर्वीचा) या शब्दातला 'अर्स्ट' म्हणजे नेमकं काय?

'अर्स्ट' म्हणजे सगळ्यात आधी. जुन्या इंग्रजीत 'एर' म्हणजे आधी, लवकर. त्याचं तमभावदर्शक रूप 'एरेस्ट', म्हणजे सर्वांत आधीचा, पहिला. तेच झिजून 'अर्स्ट' झालं. पुढे अर्थही सैलावला आणि 'पहिला' ऐवजी 'पूर्वी' एवढंच उरलं. एकटा 'अर्स्ट' आता जुन्या कवितांबाहेर सापडत नाही. जर्मनमध्ये मात्र त्याचा सख्खा भाऊ 'एर्स्ट' रोजच्या बोलण्यात आहे, आणि तिथे 'पहिला' हा अर्थही शाबूत आहे.

'वाइल' म्हणजे काळ, वेळ. दोन्ही जोडून 'अर्स्टवाइल': आधी क्रियाविशेषण, अर्थ 'एके काळी', विशेषण म्हणून वापर बराच नंतरचा. आपल्याकडे सरकारी कागदपत्रांत तो अजून ठणठणीत आहे. 'अर्स्टवाइल हैदराबाद स्टेट' हे मराठवाड्याच्या जुन्या जमीन-प्रकरणांत हमखास भेटतं. मराठीत 'पूर्वाश्रमीचं' म्हणू नका, ते माणसाला शोभतं. 'तत्कालीन' किंवा 'पूर्वीचं हैदराबाद संस्थान' म्हणा.

मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा 'स्ट'. 'ओल्डेस्ट', 'बेस्ट' मधला हा प्रत्यय आणि आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ मधला 'इष्ठ' एकाच मूळ इंडो-युरोपीय प्रत्ययातून आले आहेत. मागाहून उसना घेतलेला नाही, संस्कृत आणि इंग्रजी दोन्हीकडे वारशानेच आला. इंग्रजीत असे लपलेले तमभाव आणखीही आहेत: 'नेक्स्ट' हा 'नाय' म्हणजे जवळ याचा तमभाव, अर्थात सर्वांत जवळचा.