कर्करोगाच्या औषधाला ‘प्रतिजैविक’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करताना डॉक्सोरुबिसिन या औषधापुढे मूळ मजकुरात ‘अँटिट्यूमर अँटिबायोटिक’ असं होतं. त्याचं ‘अर्बुदरोधी प्रतिजैविक’ केलं. ते वाचून एका रुग्णाच्या मुलाने विचारलं, ‘‘बाबांच्या लिव्हरला इन्फेक्शनपण झालंय का?’’ मग हा शब्द चुकला का?

शब्द चुकलेला नाही, पण त्या पत्रकात तो नको. मुलाने घेतला तोच अर्थ मराठीत रूढ आहे. प्रतिजैविक म्हणजे जंतुसंसर्गावरचं औषध, ज्याचा कोर्स अर्धवट सोडू नका म्हणून डॉक्टर बजावतात.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वाक्समन यांनी 1940च्या दशकात ‘अँटिबायोटिक’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा तिच्यात दोन गोष्टी होत्या. पदार्थ सूक्ष्मजीवाने बनवलेला हवा आणि त्याने दुसऱ्या सूक्ष्मजीवांना रोखायला हवं. पुढे व्यवहारात दुसरी गोष्टच उरली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेलं आहे, तरी आपण त्याला बिनदिक्कत अँटिबायोटिक म्हणतो. कर्करोगाच्या औषधशास्त्राने मात्र पहिली गोष्ट धरून ठेवली. तिथे ‘अँटिबायोटिक’ हा शब्द औषधाचं कूळ सांगतो, काम नव्हे.

डॉक्सोरुबिसिनचं कूळ खरोखरच मातीतलं आहे. 1950च्या दशकात दक्षिण इटलीतल्या कास्तेल देल माँते या किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू सापडला. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो मुख्यतः याच कुळातल्या जिवाणूंचा. इटलीतल्या त्या जिवाणूने लाल रंगाचं एक संयुग दिलं. त्या भागात पूर्वी राहणाऱ्या दौनी लोकांचं नाव आणि माणकाचा ‘रुबी’ मिळून डॉनोरुबिसिन हे नाव झालं. त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन मिळालं. त्याचं दुसरं नाव अॅड्रियामायसिन, जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून. औषधांच्या नावांत अशी गावं-समुद्र दडलेले असतात. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हामायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं, तेव्हा ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. मला या नावाचं फार अप्रूप आहे.

डॉक्सोरुबिसिन पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरतं आणि पेशीचं विभाजन बिघडवतं. डीएनए जंतूचा की माणसाचा, हा भेद ते करत नाही. म्हणूनच ते जंतूंनाही मारतं, पण साध्या संसर्गावर कुणी ते देणार नाही, इतकं ते जहाल आहे. हृदयाला इजा होऊ नये म्हणून आयुष्यभरात मिळून किती द्यायचं यालाही मर्यादा असते. यकृताच्या गाठीला मुख्यतः धमनीतून रक्त मिळतं, निरोगी यकृताला बरंचसं आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका शिरेतून. याचा फायदा घेऊन मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालतात, गाठीच्या धमनीतच औषध सोडतात आणि मग ती वाट बंद करतात. रुग्णालयात याला ‘टेस’ म्हणतात. डॉक्सोरुबिसिनचा यकृताच्या कर्करोगातला मोठा उपयोग हाच.

म्हणून माझं मत असं, की पत्रकात ‘जिवाणूंपासून मिळवलेलं कर्करोगविरोधी औषध’ लिहा. आटोपशीर हवं असेल तर ‘जिवाणुजन्य’. ‘जिवाणुजन्य आजार’ म्हणजे जिवाणूंमुळे झालेला आजार हे खरं, पण ‘दुग्धजन्य पदार्थ’ आपण रोजच म्हणतो, त्यामुळे ‘जिवाणुजन्य औषध’ खटकू नये. ‘अणुशक्ती’प्रमाणे इथेही समासात ‘णु’ ऱ्हस्व. ‘अर्बुद’ तर काढाच. घरात सगळे ‘गाठ’च म्हणतात. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होऊ शकते, हेही त्याच ओळीत घाला. रक्त जातंय या भीतीने माणसं रात्रीबेरात्री रुग्णालय गाठतात.

‘नैसर्गिक’ हे विशेषण मात्र पत्रकात नको. मराठीत नैसर्गिक म्हटलं की ‘अपाय नाही’ असं ऐकू येतं, आणि इथे ते साफ खोटं ठरेल.

असंच जपून वापरायचं दुसरं नाव म्हणजे ‘औषध’. प्रयोगशाळेत बशीतल्या कर्कपेशी मारणारं जिवाणूंचं संयुग सापडलं की ‘यकृताच्या कर्करोगावर औषध सापडले’ असा मथळा येतो. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या रॅपामायसिन या संयुगावरून एव्हरोलिमस हे औषध घडवलं गेलं. इतर काही कर्करोगांत ते उपयोगी पडलं, पण यकृताच्या वाढलेल्या कर्करोगात सोराफेनिब या दुसऱ्या औषधानंतर ते देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, हे 2014 साली प्रसिद्ध झालं. चाचण्या पार पडेपर्यंत ‘संयुग’ किंवा फार तर ‘संभाव्य औषध’ म्हणावं. रुग्णाच्या घरी ‘औषध’ हा शब्द वाचून पैशांची जमवाजमव सुरू होते.