केमोथेरपीआधीची मळमळ

प्रश्न : माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे. आता बांबोळीचे इस्पितळ जवळ आले की गाडीतच तिला मळमळू लागते आणि घरी आमसुलाचे सरबत नुसते पाहिले तरी उमासे येतात. बाबा म्हणतात, हे सगळे मनाचे आहे. ते खरे आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मनाचा यात वाटा आहे, एवढे आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र आईने मन घट्ट केले की हे थांबेल, असे त्यांना सुचवायचे असेल, तर ते चूक आहे. केमोथेरपीच्या औषधांमुळे आतड्यातील पेशींतून सेरोटोनिन हे रसायन बाहेर पडते, व्हेगस मज्जातंतूमार्फत तो संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि उलटी होते. असे काही वेळा घडले की त्या वेळच्या वासाची, रस्त्याची, रंगाची सांगड मेंदू मळमळीशी घालतो आणि रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्याला जेवणाची खूण मिळताच, जेवणाआधीच लाळ सुटावी, तसे औषध शिरेत जाण्याआधीच उमासे येतात. आईला डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातले ‘लाल औषध’, दिले जात असेल, तर सरबताचा रंगच निमित्त ठरत असावा.

ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे सेरोटोनिनचा मार्ग अडवतात, त्यामुळे केमोनंतरच्या उलटीवर ती चांगली लागू पडतात. अशा आधीच येणाऱ्या मळमळीवर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पुढच्या फेरीपूर्वीच डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे. केमोनंतरची उलटी जितकी चांगली आटोक्यात राहील, तितकी ही सवय जडण्याचा संभव कमी होतो. शिवाय गरज वाटल्यास डॉक्टर लोराझेपामसारखी चिंता कमी करणारी गोळीही देतात. स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याचा सराव उपयोगी पडतो, पण तो घरी, बरे वाटत असलेल्या दिवशी शिकावा. इस्पितळाच्या दारात नव्हे.

जेवणाबाबत एक सूचना. केमोपूर्वी अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिलेली मुले नंतर ते नाकारू लागतात, हे अमेरिकेतील संशोधक आयलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये दाखवले. तेव्हा त्या सकाळी प्रेमापोटी आईच्या आवडीचे हुमण-भात करू नये. तेच पुढे तिला नकोसे होऊ शकते.

पाणीही पोटात ठरत नसेल किंवा ताप 38 अंश सेल्सिअसला पोहोचला, तर ते मनावर न ढकलता, रात्र असली तरी लगेच इस्पितळ गाठावे.